मन्सूरांचा ग्वाल्हेरी पाया

काही जण म्हणतात की शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर पहिल्यापासून जयपूर-अत्रौली घराण्याचेच. तसं नाही. धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्म, लहानपणी नाटक कंपनीत कामं, आणि मग मिरजेला नीलकंठबुवा अलूरमठांकडे रीतसर ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीची तालीम. जयपूर घराण्याच्या मंजीखाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्य झाले, तेव्हा मन्सूरांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात होत्या, नावही झालं होतं. तरी पुन्हा शिकायला बसले! १९३७ साली मंजीखाँ अचानक गेले, मग धाकटे भाऊ भुर्जीखाँ यांनी पुढची तालीम दिली.

मला वाटतं, त्या ग्वाल्हेरी पायामुळेच त्यांचं जयपूर इतकं मोकळं वाटतं. जयपूर घराण्याच्याच केसरबाई केरकरांचा एखादा राग आणि अण्णांचा, म्हणजे मन्सूरांचा, तोच राग पाठोपाठ ऐका. बाईंकडे भारदस्त, कोरीव बांधणी. अण्णा तालाच्या आवर्तनात शिरले की दमसास असा की सम (तालाची पहिली मात्रा) येईपर्यंत आपलाच श्वास अडकतो. ठाय, विलंबित (अगदी संथ लयीतल्या) आलापीची अपेक्षा मात्र ठेवू नका, त्यांना फार वेळ घुटमळायला आवडायचंच नाही.

पद्मविभूषण १९९२ साली मिळालं, त्याच सप्टेंबरात गेले. उतारवयातली ध्वनिमुद्रणं जरूर ऐका, आवाज थकलेला असूनही तान तशीच पेचदार आहे.