लेगोचा गेम बॉय खरोखर चालता करायचाय: स्क्रीन, बटणं आणि बॅटरी कशी बसवावी?

वीटकाम_पुणे

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला लेगोचा ४२१ तुकड्यांचा गेम बॉय (निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम यंत्राची प्रतिकृती), संच क्रमांक ७२०४६, आकाराने जवळपास १९८९ च्या मूळ यंत्राएवढाच आहे. तो शोकेसमध्ये न ठेवता त्यावर खेळायचंय. जुना गेम बॉय फोडून त्याची चिप काढायची नाही. सामान असं ठरवलंय: रास्पबेरी पाय पिको (छोटा कंट्रोलर बोर्ड), २.८ इंची ३२० × २४० डिस्प्ले (आयएलआय ९३४१ चिपचा, लाल बोर्डवाला), मॅक्स ९८३५७ए अँप्लिफायर, २८ मिमीचा ८ ओहम स्पीकर, टीपी ४०५६ चार्जिंग बोर्ड आणि १००० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) पीनट-जीबी या कोडवर आधारलेला.

अडलंय ते इथे. डिस्प्ले आडवा आत मावत नाही. बटण दाबलं की बोर्ड मागे सरकतो आणि पाठीमागच्या प्लेट्स (पातळ तुकडे) सुटतात. आणि बॅटरी व पिकोचं यूएसबी एकत्र कसं जोडावं? तुकड्यांना गोंद लावायचा नाही, कापायचेही नाहीत.

सर्किटवाला

आडवा मावणारच नाही. त्या मॉड्यूलचा बोर्ड ५० × ८६ मिमी असतो आणि मूळ गेम बॉयची रुंदीच ९० मिमी आहे. दोन्ही बाजूंना एकेक स्टडची (विटेवरच्या एका गोल उंचवट्याच्या मापाची) भिंत धरली तर ८-८ मिमी गेले, आत उरले सत्तर-पंचाहत्तर. २.४ इंचीचा बोर्डही ७७ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे तोही आडवा बसणार नाही.

डिस्प्ले उभा लावा. गेम बॉयचं चित्र १६० × १४४ पिक्सेल. ते दीडपट केलं की २४० × २१६ होतं, म्हणजे उभ्या पॅनेलची २४० ची रुंदी बरोब्बर भरते. एक पिक्सेल ०.१८ मिमीचा, त्यामुळे चित्र ४३.२ × ३८.९ मिमी दिसेल. मूळ काच ४७ × ४३ मिमीची होती, फरक फारसा जाणवत नाही. उंचीतल्या उरलेल्या १०४ ओळी काळ्या ठेवायच्या, त्या चौकटीआड जातात. चित्र सॉफ्टवेअरमधून वर-खाली सरकवायला जवळजवळ १९ मिमीची मोकळीक मिळते, म्हणून बोर्ड स्टडच्या मापात जिथे बसेल तिथे बसवा आणि चित्र खिडकीसमोर नंतर आणा. हा पॅनेल उभा असताना वरून खाली, गेमच्याच दिशेने स्कॅन होतो. आडवा धरला की हलत्या चित्रात तिरकी चीर दिसते, तीही इथे टळते.

दीडपट करताना नुसता दर दुसरा पिक्सेल दुहेरी करू नका, अक्षरं जाड-बारीक दिसतात. दोन पिक्सेलचे तीन करा आणि मधल्यात दोघांची सरासरी भरा.

वेगाचा हिशोब: २४० × २१६ × १६ बिट × ५९.७ फ्रेम म्हणजे सेकंदाला जवळपास ५ कोटी बिट. एसपीआय (पिकोकडून डिस्प्लेला डेटा नेणारी जोडणी) ४० मेगाहर्ट्झवर ठेवलं तर ४८ फ्रेमच पोचतात आणि स्क्रोल होताना चित्र अडखळतं. ६० मेगाहर्ट्झच्या वर न्या. डिस्प्लेच्या चिपच्या डेटाशीटमधली मर्यादा यापेक्षा बरीच कमी आहे, पण हे पॅनेल सहसा चालतात. मात्र वायर ७-८ सेंमीपेक्षा लांब नको आणि क्लॉकच्या वायरशेजारी ग्राउंडची वायर हवीच. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरवर या वेगाला रंगीत कचरा दिसतो आणि लोक उगाच डिस्प्ले बदलत बसतात.

मॉड्यूलवर जे-१ नावाची जागा असते. वीज पिकोच्या ३.३ व्होल्टवरून देणार असाल तर ती सोल्डरने जोडा. नाहीतर मधला रेग्युलेटर थोडा व्होल्टेज खातो आणि बॅकलाइट मंद पडतो. पिनांची पट्टी काढून वायर थेट जोडल्या की जाडीही वाचते.

तीन_प्लेट_एक_वीट

बटणांचं बोलतो, कारण हे मॉडेल चालेल की नाही ते तिथेच ठरतं. ६ × ६ मिमीचा टॅक्ट स्विच (बटणाखालचा छोटा, टिक करणारा स्विच) दाबायला दीडशे-अडीचशे ग्रॅमचा जोर लागतो आणि खेळण्याच्या भरात अंगठा त्याच्या कितीतरी पट देतो. तो जोर बोर्डावरून पाठीच्या प्लेट्सवर येतो आणि त्यांना स्टडवरून उचकटतो. लेगोचे जोड दाबायला दणकट, ओढायला कच्चे. म्हणून प्रत्येक बटणाच्या बरोबर मागे, बोर्डापासून पाठीपर्यंत विटांचा सलग खांब उभा करा आणि पाठीची शेवटची प्लेट कडेच्या भिंतींच्या आतून अडकेल अशी बांधा. जोर तुमच्या तळहातावर यायला हवा, जोडावर नाही.

बोर्ड अडकवायची सोपी युक्ती: प्लेटची जाडी ३.२ मिमी, सर्किट बोर्डाची १.६. भिंतीत एका प्लेटची फट सोडा, तीत बोर्ड सरकवा आणि उरलेल्या १.६ मिमीत फोमची पट्टी किंवा कोऱ्या बोर्डाचा तुकडा घाला. बोर्डाला स्टडच्या मापाची भोकं पाडून तो स्टडवर बसवायचा मोह होईल. तसं करू नका. स्टड जेमतेम १.७-१.८ मिमी उंच, बोर्ड १.६. वरच्या तुकड्याला पकडायला काही उरतच नाही. बोर्डाची रुंदी ठरवताना आतली जागा स्टड गुणिले ८ मिमी धरा आणि त्यातून ०.३ वजा करा.

ए आणि बी बटणांसाठी अॅक्सल (अधिक चिन्हाच्या छेदाचा लेगोचा दांडा) वापरा. टेक्निक विटेच्या गोल भोकात क्रॉस अॅक्सल अलगद सरकतो. पुढे २ × २ ची गोल, अॅक्सलचं भोक असलेली प्लेट, मागे अॅक्सलचं टोक थेट स्विचवर. दोघांत ०.१ ते ०.२ मिमी मोकळं हवं. अजिबात नसेल तर पात्र आपोआप उड्या मारतं. जास्त असेल तर बटण खुळखुळतं, तेव्हा ओएचपी शीटचा (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा मध्ये घाला, तो साधारण ०.१ मिमीचा असतो.

वीजतार

बॅटरी. सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे लिपो थेट पिकोच्या व्हीसिस पिनला (वीज घ्यायच्या पिनला) जोडणं. नुसत्या बॅटरीवर छान चालतं, पण फर्मवेअर (पिकोतला प्रोग्राम) बदलायला यूएसबी लावलं की पिकोच्या बोर्डावरच्या डायोडमधून (एकाच दिशेने वीज सोडणाऱ्या भागातून) साडेचार व्होल्टच्या पुढची वीज बॅटरीत कसल्याही नियंत्रणाशिवाय घुसते. सेल फुगतो, पेटूही शकतो. म्हणून टीपी ४०५६ च्या आउट-प्लसवरून आधी स्लाइड स्विच, मग १एन ५८१७ किंवा एसएस १४ शॉटकी डायोड, मग व्हीसिस. डायोडमध्ये पाव-अर्धा व्होल्ट जातो, त्याची चिंता नको, व्हीसिस १.८ व्होल्टपर्यंत चालतं.

चार्जिंग बोर्ड संरक्षण चिप असलेलाच घ्या, त्यावर बी (बॅटरी) आणि आउट (बाहेर जाणारी वीज) अशा वेगळ्या जागा असतात. तो मुळात १ अँपिअरला लावलेला येतो. बंद प्लास्टिकच्या पेटीत ते फार तापतं. १.२ किलोओहमचा रोध काढून ३ किलोओहमचा लावा, करंट ४०० मिलिअँपिअरवर येतो. खेळता खेळता चार्जिंग करू नका. करंट ठरावीक पातळीखाली गेल्यावरच ही चिप चार्जिंग थांबवते, आणि गेम चालू असेल तर तो खाली जातच नाही. टाइप-सी सॉकेटवाला बोर्ड असेल तर त्यावर ५.१ किलोओहमचे दोन रोध आहेत का ते बघा. नसले तर दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जच होणार नाही.

सेल ६०३४५० मापाचा घ्या: ६ मिमी जाड, ३४ रुंद, ५० लांब. सगळं मिळून १५०-२०० मिलिअँपिअर धरलं तर पाचेक तास निघतात. सेलला टेकणाऱ्या बाजूला स्टड उघडे ठेवू नका, ते पिशवीत रुततात. तिथे गुळगुळीत टाइल्स लावा आणि फुगण्यासाठी मिलिमीटरभर जागा सोडा.

अँप्लिफायरला वीज व्हीसिसवरून, ३.३ व्होल्टवरून नको. त्याच्या वीज घेणाऱ्या पिनांशी २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, नाहीतर पडदा उजळला की स्पीकर गुणगुणतो.

वीटकाम_पुणे

उभ्या डिस्प्लेचं डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक: दिशांच्या अधिक चिन्हाखाली चार स्विच आहेत, पण मधोमध दाबलं की चारही एकदम लागतात.

तीन_प्लेट_एक_वीट

मध्ये टेकू नाही म्हणून. चार स्विचच्या मधोमध १ × १ चा गोल घुमटाचा तुकडा उभा करा आणि त्याची उंची अशी ठेवा की अधिक चिन्ह त्यावर झुलेल आणि चारही स्विचपासून जेमतेम सुटं राहील. एक बाजू दाबली की समोरची वर उचलली गेलीच पाहिजे. तरीही कोडमध्ये डावं-उजवं एकदम आलं तर दोन्ही रद्द करा. मूळ यंत्रात हे जवळपास घडतच नसे, त्यामुळे काही गेम अशा वेळी विचित्र वागतात.

सर्किटवाला

मेमरी कार्डचा खाचा डिस्प्लेच्या पाठीवर आहे, तो आत गाडला जाईल. खोटी कार्ट्रिज (गेमची कॅसेट) घालायची जागा रिकामी आहे, तिथे छोटा मायक्रोएसडी बोर्ड बसवा आणि कार्ड फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. आणि सोल्डरिंग सगळं बाहेरच उरका. हे प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, कावियाचा नुसता स्पर्शही पुरतो.