मेटल ऑक्साइड पीएच सेन्सर: दोष थराचा की रेफरन्सचा?

मोजणीवाला
मेटल ऑक्साइडच्या पातळ थरांच्या पीएच सेन्सरची चर्चा नेहमी स्लोपवर, म्हणजे एका पीएचमागे व्होल्टेज किती बदलतं यावर, येऊन थांबते. २५ अंश सेल्सियसला नर्न्स्टच्या समीकरणातला आदर्श ५९.१६ मिलिव्होल्ट प्रति पीएच गाठला की काम फत्ते! मला हे अजिबात पटत नाही. तासाला जेमतेम १ मिलिव्होल्ट ड्रिफ्ट, म्हणजे पीएच तोच असताना व्होल्टेजचं सरकणं, धरा. दिवसभरात २४ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.४ पीएचची चूक, आणि स्लोप जसाच्या तसा. बऱ्याचदा हा ड्रिफ्ट ऑक्साइडचा नसतोच. त्याच चिपवरच्या रेफरन्सचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडचा, सिल्व्हर क्लोराइडचा थर हळूहळू विरघळत असतो. शिवाय पाण्यातलं क्लोराइड दहापट बदललं की उघडा रेफरन्स जवळपास ५९ मिलिव्होल्टने सरकतो. पाण्याचा पीएच तोच, सेन्सर मात्र एक पूर्ण पीएच चुकवतो. आधी रेफरन्स सुधारा, थराचं नंतर बघू.

थरकरी
साफ असहमत. रेफरन्स उत्तम, डबल जंक्शनचा (मधल्या द्रावणाने नमुन्यापासून वेगळा ठेवलेला) लावा आणि पीएच ७ च्या तगड्या बफरमध्ये (पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणात) चिमूटभर ॲस्कॉर्बिक ॲसिड टाका. काचेचा इलेक्ट्रोड जवळपास जागचा हलत नाही. इरिडियम ऑक्साइडचं व्होल्टेज मात्र घसरतं आणि पीएच वाढल्यासारखा दिसतो. टाकलंय आम्ल, दिसतोय अल्कली! इरिडियम इलेक्ट्रॉनची देवघेव करतो, त्यामुळे हे होणारच. तुमचा रेफरन्स इथे काय करणार? टँटलम पेंटॉक्साइड विद्युतरोधक आहे, त्याला हा त्रास जवळपास नाही. तो ट्रान्झिस्टरच्या गेटवर बसवावा लागतो एवढंच, आणि बर्गवेल्ड यांनी १९७० मध्येच आयएसएफईटी, म्हणजे आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर, मांडून ती वाट दाखवली आहे.

मोजणीवाला
ॲस्कॉर्बिकचं मान्य, सल्फाइटचंही. पण आयएसएफईटीलाही रेफरन्स लागतोच ना? आणि ड्रिफ्ट तिथेही आहे.

भिजवलेला थर
दोघांनीही पाण्याचा विषयच काढला नाही. ताजा थर पाणी शोषत राहतो, तोवर बेसलाइन, म्हणजे मूळ व्होल्टेज, सरकत राहते. थराच्या आतल्या हायड्रॉक्सिल (OH) जागा उशिरा प्रतिसाद देतात. पीएच ७-४-७-१०-७ असं चक्र फिरवा, तिन्ही ७ चे आकडे जुळत नाहीत. बफरमध्ये नीट भिजवल्याशिवाय कॅलिब्रेशन करूच नये.

थरकरी
भिजवणं हवंच, पण सेन्सर सुकला की पुन्हा पहिल्यापासून. ॲनील करून, म्हणजे तापवून, थर घट्ट करणं मला जास्त पटतं. ॲनोडिक (विजेच्या प्रवाहाने तयार केलेल्या) इरिडियम ऑक्साइडचा ५९ च्या वरचा स्लोप त्यात उतरेल, उतरू दे.

मोजणीवाला
स्लोप सोडायला तयार झालात, बरं वाटलं. आता तोच ॲनील केलेला थर एकदा चिपवरच्या आणि एकदा डबल जंक्शनच्या रेफरन्सविरुद्ध मोजा. दोन्ही ड्रिफ्टचे आलेख इथे टाका, मग थराबद्दल बोलू.