मदत हवी आहे: सर्व्हेमध्ये यूट्यूबचा वेळ कसा धरायचा?

नाशिकला एमए सायकॉलॉजी करतेय, प्रोजेक्ट सोशल मीडिया आणि अभ्यासातली चालढकल यावर आहे. चालढकल मोजायला टकमनची १९९१ ची १६ प्रश्नांची स्केल घेतलीये, त्यात अडचण नाही. अडलंय ते मोबाइलच्या वेळेवर, कॉलेज रोडच्या मुलांना नुसतं विचारलं तर सगळे अंदाजे सांगतात, म्हणून अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम बघून आठवड्याची सरासरी लिहायला सांगितली, पण यूट्यूबवर लेक्चरही बघतात ना, तेही त्यातच मोजलं जातं, आणि अभ्यास करणाऱ्यालाच टाइमपासवाला ठरवणं मला अजिबात पटत नाही. वेगळं अॅप टाकायला लावता येणार नाही, स्क्रीनशॉटही मागायचे नाहीत, प्रायव्हसी आहे. असा सर्व्हे कोणी केला असेल तर सांगा, लेक्चरचा वेळ वेगळा विचारलात की यूट्यूब सरळ वगळलंत?