पावसात गाडी तरंगते तेव्हा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

मिरग तोंडावर आलाय, वळीव एक-दोनदा झोडपून गेलाय. पावसात गाडी जपून चालवा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना चोर्ला, अनमोड नाहीतर आंबोलीचा घाट आठवतो. पण घाटात आपण भिऊनच जातो, ताशी ३०-४० ने. त्या वेगात टायरखालचं पाणी बहुतेक वेळा बाजूला सरतं. गाडी पाण्यावर खरी उचलली जाते ती संकेश्वर, हत्तरगी, काकतीच्या पट्ट्यात किंवा कित्तूरच्या बाजूला, जिथं रस्ता सरळ, घाट संपलेला आणि काटा ९०-१०० वर. निदान माझं मत असं आहे. पटो न पटो, आपले अनुभव लिहा. रस्ता कुठला, गाडी कुठली, टायर किती जुने, हवा किती, एवढं लिहिलंत तर पुढच्याला उपयोग होईल. कुठल्या कंपनीची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

टिळकवाडीहून, छोटी हॅचबॅक

तुमचं शंभर टक्के खरं. कोल्हापूरहून परत येत होतो, हत्तरगीचा टोलनाका मागं पडला होता, पाऊस धो धो. डावीकडच्या लेनमध्ये ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांत पाणी, म्हणून उजवीकडून, डिव्हायडरलगत चाललो होतो. डिव्हायडरच्या तळाशी पाणी जायला ठेवलेली भोकं मातीनं बुजलेली, त्यामुळं तिकडंही पाण्याचा पट्टा साचलेला. त्यावर गेल्यावर आधी आवाज बदलला. टायरचा खरखर आवाज एकदम बंद, नुसता खाली पाणी आदळल्यासारखा दणदण. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की हातात काही आहेसं वाटेना. आणि ॲक्सिलरेटर तेवढाच असताना इंजिनचा आरपीएम झपकन वर. शेजारी बसलेल्या भावानं “ब्रेक, ब्रेक!” केलं. मी पाय फक्त उचलला आणि चाकं सरळ धरून ठेवली. क्षणभरात आवाज परत आला, गाडी जमिनीला लागली. मागच्या टायरची नक्षी साधारण २ मिलिमीटर राहिली होती, हे दुसऱ्या दिवशी मोजल्यावर कळलं.

बेळगाव, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो

पाय उचलून चाकं सरळ ठेवली हे नेमकं योग्य. त्या क्षणी टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलेलं असतं. चाक रस्त्याला टेकलेलंच नसेल तर ब्रेक आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही काय करणार? घाबरून स्टिअरिंग वळवलं तर त्या वेळी काहीच होत नाही, पण टायर पुन्हा टेकला की गाडी वळवलेल्या बाजूला झेपावते. पुष्कळ अपघात त्या दुसऱ्या क्षणाचे असतात.

थोडं गणित, कारण हवेवरून नेहमी वाद होतो. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी ओल्या धावपट्टीवरच्या विमानांसाठी एक सूत्र काढलं. किलोमीटरमध्ये मांडायचं तर टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ घ्या आणि साधारण १६.६ ने गुणा. हवा ३३ असेल तर गाडी तरंगायला लागण्याचा वेग सुमारे ताशी ९५ येतो, २५ असेल तर सुमारे ८३. तेव्हा “पावसात हवा थोडी कमी ठेवायची, पकड वाढते” हा आपल्याकडचा लाडका सल्ला हायवेवर उलटा पडतो. चिखलात रुतलेल्या जीपची गोष्ट वेगळी. हा आकडा खाचांना न पेलण्याइतकं पाणी साचलेलं असतानाचा आहे. पाणी कमी आणि खाचा खोल असतील तर बरीच सवलत मिळते. म्हणून ९० पर्यंत बिनघोर, असा अर्थ कुणी काढू नये.

खाचांना किती काम असतं तेही बघा. १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, वेग ८०: एका टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी वाटेतून काढावं लागतं.

जांबोटीहून, भाजीची पिकअप

आम्ही रोज गोव्याला भाजी नेतो, पहाटे मार्केटमधून भरून, कणकुंबीवरून चोर्ला उतरून साखळी, तिथून पुढं. भरलेल्या गाडीचा पावसात त्रास नाही, ती रस्त्याला धरून बसते. खरा खेळ परत येताना. मागं रिकामा हौदा, टायरमध्ये हवा मात्र मालाच्या हिशेबानं टाकलेली, टणक. मागचं चाक रस्त्याला नीट टेकतच नाही. जांबोटीच्या अलीकडं वळणावर शेपूट फिरते ती अशीच. क्लीनर नवीन होता तेव्हा ओरडला होता, “मामा, गाडी हलूलालीय की ओ!” आता येताना रिकाम्या क्रेटबरोबर मागच्या ॲक्सलवर वाळूची चार पोती असतात. हवा दोन्ही वेळची वेगळी असावी असं कंपनीच्या पुस्तकात आहे, पण रोज कोण काढतंय आणि भरतंय.

उद्यमबाग, टायरचं दुकान

दुकानदार म्हणून लिहितोय, तेव्हा मीठ घालून वाचा.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न “कुठल्या कंपनीचा घेऊ?” माझ्या लेखी तो चौथा-पाचवा. आधी खोली. कारच्या नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर असते. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की १.६ उरलं, म्हणजे कायद्यानं टायर संपला. पट्ट्या सापडत नसतील तर टायरच्या कडेला टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरं किंवा बारका त्रिकोण शोधा, त्याच्या सरळ रेषेत असतात. पण आपल्या पावसाला १.६ची वाट बघायचीच नाही. ३ वर आला की पावसाळ्याआधी बदला. मोजायला यंत्र नको: आगपेटीची काडी खाचेत उभी घाला, नखानं खूण धरा, पट्टीवर ठेवा. बाहेरची, मधली, आतली अशा तिन्ही खाचा मोजा. अलाइनमेंट गेलेली गाडी बाहेरून नवीकोरी दिसते आणि आतली कड गोटा झालेली असते.

दुसरं, दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागं. यावर माझ्याशी रोज भांडण होतं. गाडी पुढून ओढते, मग नवे पुढं नकोत का? नकोत. पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या हातातलं नसतं. मागच्या जून महिन्यात एक गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून नवे टायर पुढं बसवून आलं होतं, पाण्यातून जाताना मागून ढकलल्यासारखं वाटतं म्हणून. आम्ही फक्त पुढचे मागं केले, बाकी काही नाही.

तिसरं, वय. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना पडून राहिलेला माल “सेलमध्ये” मिळतो, तो बघून घ्या.

नक्षीत बाण असेल तर तो पुढं फिरण्याच्या दिशेनं हवा, उलटा बसला तर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्येच राहतं. “बाहेरची बाजू” असं कडेवर लिहिलेलं असेल तर तसंच बसवा. मधून सरळ गेलेल्या तीन-चार रुंद खाचा हायवेच्या पावसाला चांगल्या. मोठ्या ठोकळ्यांचा जंगली टायर दिसायला दणकट, पण कार रोज हिंडलगा ते कॅम्प फिरत असेल तर त्याचं काम काय? आणि अलॉय घालून टायर रुंद करणाऱ्या पोरांनो, टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला सारावं लागतं. कोरड्यात शान, पावसात तोटा.

शेवटचं, जुन्या टायरला गरम हत्यारानं खाचा कोरून विकतात. नक्षी खोल दिसते, पण तळाचं रबर पातळ झालेलं असतं. कारला असला टायर फुकट दिला तरी घेऊ नका.

निपाणीहून, तीन ट्रक आहेत

धागा काढणाऱ्यांशी अर्धा सहमत. कारचं तुम्ही म्हणता तसं असेल. ट्रकची हवा १०० च्या पुढं, वरच्या गणितानं आमचा ट्रक १६० ला तरंगेल! पण रिकामा ट्रक त्याच्या कितीतरी आधी सुटतो, हे मी तवंदी घाटाच्या खाली पाहिलंय. आणि घाट सोपा म्हणू नका. उतारावर इंजिन ब्रेक सोडून नुसत्या पायाच्या ब्रेकवर आलेला रिकामा ट्रेलर ओल्यात मोडतो, पुढचं तोंड एकीकडं आणि मागची बॉडी दुसरीकडं. ते तरंगणं नव्हे, घसरणं, पण जखम तीच. आमच्याकडं रबर चढवलेले टायर फक्त मागं. स्टिअरिंगच्या चाकांना कायम नवे.

खानापूरहून, नर्स, स्कूटर

चारचाकीवाल्यांनो, आमचंही थोडं ऐका. दुचाकीचा टायर गोल आणि अरुंद, तो पाण्यावर सहसा उचलला जात नाही. आम्हाला पाडतात त्या दुसऱ्याच गोष्टी: रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, गटाराचं झाकण, आणि बांधकामाच्या डंपरमधून सांडलेली लाल माती. बेळगाव-खानापूर चौपदरी झाल्यापासून शेजारून गाड्या सुसाट जातात आणि पाण्याचा फवारा थेट हेल्मेटच्या काचेवर. दोन क्षण काही म्हणजे काही दिसत नाही. रात्रपाळी सुटल्यावर मी आता गाव संपेपर्यंत सर्व्हिस रोडनंच येते. आणि वळवाचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर सांडलेलं ऑइल आणि धूळ वर येते, रस्ता फेसाळतो. तासभर जोरात पडून धुऊन गेला की मग बरा.

अथणीहून

आमच्याकडं तुमच्यासारखा पाऊस कुठला ओ! इथं भीती काळ्या मातीची. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की चाकाची माती तिथंच, वर दोन सरी पडल्या की लोणी. नवा टायर असो की जुना, खाचा भरून गेल्यावर दोन्ही सारखेच.

बेळगाव, निवृत्त बस ड्रायव्हर

पुढच्या गाडीच्या चाकांच्या पाण्यातल्या वाटा दिसतात ना, त्यातून चालवा. तिनं पाणी बाजूला केलेलं असतं, तुमच्या टायरला निम्मं काम. पण त्यासाठी तिच्या बुडाला चिकटू नका. आणि ती नवी क्रूझ कंट्रोल काय असते, पाय न लावता गाडी एकाच वेगात ठेवणारी, ती पावसात बंद. जावई लावून चालला होता, मी मागून बंद करायला लावली.

वडगावहून, एक प्रश्न

उद्यमबागवाले दादा, बाबांची कार फारशी चालत नाही. टायर २०१७चे, तुमच्या काडीनं मोजलं तर खोली ६ मिलिमीटर. गणपतीला आंबोलीवरून सावंतवाडीला जायचंय. चालतील का?

उद्यमबाग, टायरचं दुकान

ताई, खोली आहे पण रबर जुनं झालंय. उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, ओल्या रस्त्याला धरत नाही. कडेला आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा असतील तर विचारच नको, चारही बदला. भेगा नसल्या तरी एवढ्या वयाच्या टायरवर आंबोलीच्या पावसात मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही. स्टेपनीही बघा, ती बहुतेक त्याच सालची असेल. आणि तिच्यात हवा आहे का तेही, नव्वद टक्के गाड्यांत नसते.