साताऱ्यात कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन कुठे करावं? (बजेट ७ हजार)

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. आमची चिंगी साधी गावठी, तीन वर्षांची, १६ किलो. एका पावसात गेटपाशी येऊन बसली ती उठलीच नाही. आतापर्यंत ऑपरेशन केलं नाही कारण सासूबाईंचं म्हणणं मुक्या जिवाला कशाला कापायचं, पण यंदा ती हीटवर आली तेव्हा गल्लीतली नऊ कुत्री रात्रभर कंपाउंडबाहेर, शेजारच्या काकांनी पोलिसांना फोन करायचाच काय तो बाकी ठेवला. तर आता करून टाकायचंय. साताऱ्यात आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात, पण ते जास्त करून गाई-म्हशी बघतात. बहीण म्हणते पुण्याला ने. स्वतःची गाडी नाही, भावजींची मागावी लागते. बजेट ७ हजार, अगदीच ताणलं तर ८. अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज.

लॅबवाला_ठाणे
आमच्या ब्रुनोचं गेल्या वर्षी केलं. २४ हजार झाले पण काय सांगू, एसी वॉर्ड, गॅसची भूल, मॉनिटरवर ठोके दिसतात, रात्रभर अॅडमिट, दर दोन तासांनी व्हॉट्सअॅपवर फोटो. घरी सोडताना ब्रुनोच्या गळ्यात बो बांधलेला. डोळे झाकून मोठ्या हॉस्पिटलात जा.

चिंगीची_आई
दादा बजेट ७ आहे

लॅबवाला_ठाणे
ताई जिवापुढे पैशाचं काय घेऊन बसलात. हप्ते पण करून देतात.

पोवईनाका
ब्रुनो नर ना ओ? नराचं बाहेरच्या बाहेर उरकतं, मादीचं पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढतात. नराला २४ हजार घेतले म्हणजे बो सोन्याचा होता का.

लॅबवाला_ठाणे
क्वालिटीचे पैसे असतात. असो.

हायवेचा_पोपट
शिरवळला जा की! क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, हायवेलाच आहे, प्राध्यापक लोक स्वतः बघतात आणि शिकणारी पोरं हाताशी असतात. आमच्या पामेरियनचं तिथंच केलं, फी अगदी किरकोळ, काही औषधं बाहेरून आणली तेवढाच खर्च. सकाळी लवकर जायचं आणि आधी फोन करून ऑपरेशनचा वार विचारायचा, नुसतं उठून जायचं नाही.

मुंबईकर_तात्या
आमच्याकडे परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ साली तिथेच सुरू झालं, आणि लोकांना वाटतं प्राण्यांचे दवाखाने हे परवाचं फॅड आहे. आता महालक्ष्मीला टाटांचं पण झालंय, २०२४ पासून, पाच मजली. मी अजून आत गेलो नाही पण बाहेरून बघितलंय.

पोवईनाका
तात्या बाई साताऱ्यात राहतात

मुंबईकर_तात्या
माहिती दिली. माहितीला काय पैसे पडतात?

अनिवासी_नाना
इकडे कॅलिफोर्नियात मी ९०० डॉलर दिले, तेही अपॉइंटमेंट सात आठवड्यांनी. तुम्ही लोक नशीबवान आहात, जाणीव ठेवा.

हळदीकुंकू
एकदा पिल्लं होऊ द्या आणि मग करा. आईपण मिळाल्याशिवाय मादी शांत होत नाही. आमच्या राणीला दोनदा होऊ दिली, नंतर एकदम गरीब गाय झाली.

काळूची_मावशी
आणि ती पिल्लं आता कुठे आहेत हो? नाही म्हणजे सहज विचारते.

हळदीकुंकू
चांगल्या घरी दिली. काही.

काळूची_मावशी
मी माझंच सांगते. आमची काळू आठ वर्षांची, ऑपरेशन केलं नव्हतं, आज करू उद्या करू. हीट होऊन गेल्यावर महिना-दीड महिन्याने पाणी प्यायला लागली, म्हणजे बादलीला तोंड लावलं की सोडायची नाही, आम्हाला वाटलं एप्रिल आहे, ऊन आहे. मग जेवण सोडलं, मग उलट्या. जिथे नेत होतो तिथे तीन दिवस ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी दुसरीकडे सोनोग्राफी केली तर गर्भाशयात पू भरलेला. पायोमेट्रा म्हणतात त्याला. रात्री अकराला ऑपरेशन, ३१ हजार बिल, आणि पहाटे गेली. माझी चूक की त्यांची, यावर घरात अजून भांडणं होतात. चिंगीचं करा. कुठेही करा पण करा.

चिंगीची_आई
मावशी वाचून हात थरथरले. करणार नक्की.

लॅबवाला_ठाणे
म्हणूनच म्हणतो मोठं हॉस्पिटल.

गावठी_नाही_इंडी
धाग्यात सगळे "गावठी" लिहितायत म्हणून सांगतो, योग्य शब्द इंडी आहे. आपणच आपल्या कुत्र्यांना कमी लेखतो.

पोवईनाका
गावठी कोंबडी जास्त पैसे देऊन खाता तेव्हा कमी लेखत नाही होय

गावठी_नाही_इंडी
मी शाकाहारी आहे.

वऱ्हाडी_टायगर
बावा तुम्ही लोक भांडून काहून राहिले. आम्ही नागपूरला व्हेटर्नरी कॉलेजला केलं, चांगलं झालं. तिकडे जवळ जे कॉलेज असन तिथं जा. कॉलेजमध्ये चार डोळे जास्त असतात पोटावर.

हायवेचा_पोपट
तेच तर मी म्हणालो

नगरसेवकांचा_मेहुणा
पालिकेकडून फुकट होतं. एबीसीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेच्या गाडीत द्या, ऑपरेशन करून आणून सोडतात.

काळूची_मावशी
ते भटक्या कुत्र्यांसाठी असतं. झाल्याची खूण म्हणून कानाला खाच मारतात. घरची कुत्री त्यात घालायची आणि मग आपल्याच कुत्रीला शोधत फिरायचं?

शेवटचं_वर्ष
मी बी.व्ही.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर नाही त्यामुळे हे औषधाची चिठ्ठी म्हणून घेऊ नका. कुठे करायचं यापेक्षा काय विचारायचं ते सांगते. आधी रक्ततपासणी करणार का, म्हणजे सीबीसी आणि लिव्हर-किडनी. गोचीड ताप तपासणार का, कारण आपल्याकडच्या कुत्र्यांत तो खूप, आणि त्यात प्लेटलेट कमी असतात, वरून कुत्री ठणठणीत दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. भूल कोण देणार आणि ऑपरेशन चालू असताना कुत्रीकडे बघायला दुसरा माणूस असणार का, की एकटेच डॉक्टर दोन्ही करणार. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवून घेणार का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. गॅसची भूल असेल तर उत्तमच, पण इंजेक्शनच्या भुलेवर नीट देखरेख ठेवून केलेली ऑपरेशनं पण रोज होतात. आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, पाणी कधी बंद करायचं ते तेच सांगतील. आणि ताई, हीट कधी संपली?

चिंगीची_आई
दोन महिने होतील. एक विचारायचं राहिलं, हल्ली ती माझ्या चपला पलंगाखाली नेऊन ठेवते आणि जवळ गेलं की गुरगुरते. ह्यांची एक, माझी दीड, आणि नातवाचं रबरी बदक. खाणं पण कमी झालंय. चिडकी झालीये म्हणून ऑपरेशनची घाई करतेय.

शेवटचं_वर्ष
थांबा थांबा. स्तन सुजलेत का? दूध येतंय का?

चिंगीची_आई
आत्ता बघितलं. हो. थेंब येतोय. पण कुत्र्यांना आम्ही आत येऊच दिलं नव्हतं!

शेवटचं_वर्ष
कुत्र्यांचा संबंध नसेलही. हीटनंतर महिना-दोन महिन्यांनी मादीला खोटी गर्भधारणा होते, शरीराला वाटतं पिल्लं झालीत. बदक म्हणजे पिल्लू. दूध सारखं पुसू-पिळू नका, त्याने आणखी येतं. पण गाभण नाही ना याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्याच. आणि या अवस्थेत शक्यतो ऑपरेशन करत नाहीत, नाहीतर हेच वागणं लांबत जातं. दूध पूर्ण आटू दे. साधारण हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी शरीर शांत असतं, तेव्हा करतात.

हळदीकुंकू
बघा, तिला आई व्हायचंय. मी तेच म्हणत होते.

पोवईनाका
बदक देऊन टाका चांगल्या घरी

अनिवासी_नाना
इथे या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगतात. अर्थात भेटीचे वेगळे ९५ डॉलर.

आजीचा_बटवा
ऑपरेशननंतर टाक्यांवर हळद-तूप लावा, जखम आठ दिवसांत भरते. दुखत असेल तर आपली अंगदुखीची अर्धी गोळी पोळीत घालून द्या, आम्ही कायम देतो.

शेवटचं_वर्ष
कृपया देऊ नका!! आयब्रुफेनने कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही जातात, आणि मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळी पण जीव घेते. हळद-तूप पण नको, तूप दिसलं की ती टाके चाटून काढेल. तुम्ही चाटणार नाही का?

आजीचा_बटवा
आमच्या वेळी कुत्री काय मरत होती का

काळूची_मावशी
मरत होती. आपण दुसरं आणत होतो.

लॅबवाला_ठाणे
शेवटी काय ठरलं? मोठ्या हॉस्पिटलचा नंबर पाठवू का मेसेजमध्ये?

चिंगीची_आई
ठरलं. तुम्ही सगळे रागवाल. आमच्या म्हशीवाल्या डॉक्टरांकडेच करणार आहे. मुलीला सोबत घेऊन गेले आणि शेवटच्या वर्षाच्या ताईंचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले, एकेक विचारला. आधी वाटलं चिडतील, पण चष्मा काढून म्हणाले बसा. महिन्याला चार-पाच कुत्र्या करतात, मला माहीतच नव्हतं. गॅस नाही, इंजेक्शनची भूल, भुलेकडे बघायला त्यांचे मित्र डॉक्टर येतात. रक्त तपासल्याशिवाय हात लावणार नाही असं तेच म्हणाले. दूध आटेपर्यंत थांबायचं हेही तेच म्हणाले, आणि हात लावून गाभण नसावी म्हणाले तरी सोनोग्राफी करायला लावली. आणि शिरवळहून येताना खंबाटकीचा घाट चढायचा ताज्या टाक्यांनी, चिंगीला गाडीत बसवलं की पहिल्या वळणाला उलटी होते. हे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून आहेत.

हायवेचा_पोपट
शिरवळ काय लांब आहे का. बघा बुवा.

लॅबवाला_ठाणे
म्हशीचा डॉक्टर!! शुभेच्छा.

वऱ्हाडी_टायगर
ज्याले म्हैस समजते त्याले कुत्री काय अवघड जाते

चिंगीची_आई
उशिराने लिहितेय, मध्ये दोन महिने गेले. रक्तात प्लेटलेट खूपच कमी आल्या, गोचीड ताप निघाला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, फक्त थोडी कमी खात होती आणि तेही आम्ही बदकावर ढकललं होतं. २८ दिवस डॉक्सीच्या (अँटिबायोटिक) गोळ्या, रोज पेढ्यात लपवून, सासूबाईंनी कंदी पेढ्यांचा बॉक्स तिच्या नावाने वेगळा ठेवला होता. (पेढे देऊ नका म्हणून डॉक्टर ओरडले, मग उकडलेल्या अंड्यात.) परत रक्त तपासलं, प्लेटलेट नीट, मग गेल्या मंगळवारी ऑपरेशन. सकाळी दहाला नेली, चारला स्वतःच्या पायांनी चालत घरी.

खर्च: ऑपरेशन ४५००, दोनदा रक्त २४००, सोनोग्राफी ८००, गोळ्या-इंजेक्शनं ९५०, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन ३५०. म्हणजे ९०००. बजेट हुकलंच.

कोन पहिल्याच संध्याकाळी तुळशी वृंदावनावर आपटून फोडला. मग ह्यांचा जुना बनियन घातला, पुढचे पाय बाह्यांतून, मागे गाठ. दुसऱ्या रात्री एक टाका ओला दिसला, साडेअकराला फोन केला, डॉक्टर लुंगीवर आले, टॉर्चने बघितलं, काही नाही म्हणाले, चहा घेऊन गेले. त्याचे पैसे घेतले नाहीत. टाके परवा काढायचेत.

शेवटचं_वर्ष
टाके निघेपर्यंत उड्या आणि आंघोळ नाही. गोचिडाचं औषध दर महिन्याला चालू ठेवा, तो ताप परत येऊ शकतो. आणि डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

काळूची_मावशी
बनियनमधला फोटो टाका ना.

लॅबवाला_ठाणे
९००० म्हणजे थोडे घालून ठाण्याला झालं असतं.

पोवईनाका
थोडे म्हणजे १५ हजार

मुंबईकर_तात्या
ते बदक आता कुठे आहे?

चिंगीची_आई
अजून तिच्यापाशीच झोपतं. नातवाला नवीन आणलं.

नवीन_सदस्य_४१
माझी पर्शियन मांजर आहे, दोन दिवस लघवीला बसते पण होत नाही, घरगुती उपाय आहे का? बजेट कमी आहे.

शेवटचं_वर्ष
नर आहे का? नर असेल तर धागा बंद करा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. कुठल्याही.