बुलेट ट्रेन खांबांवरूनच का? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

विलास नाना: सुरतहून आलो. बुलेट ट्रेनचा नुसता पूलच पूल! जमीन तर सपाट काळी. मुरमाचा भराव टाकून रूळ टाकले असते तर?

निखिल बी-७: नाना, भराव बसतो. साध्या रुळाखाली खडी असते, ती मशीनने ठोकून लेव्हल परत आणतात. इथे खडी नाही, काँक्रीटची स्लॅब आहे. चीनमध्ये अशा रुळासाठी बांधकामानंतरचं खचणं साधारण १५ मिलिमीटरच्या आत धरतात. गाडी ताशी ३२० ने जायची आहे.

सुनंदा काकू: १५ मिलिमीटर? आपलं कंपाऊंड एका पावसाळ्यात त्याहून जास्त हलतं 😂

निखिल बी-७: काकू, माती तीच ना. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाइल, म्हणजे पुलाच्या खांबाखाली जमिनीत खोल घातलेली काँक्रीटची दांडी, या थराच्या बरीच खाली न्यावी लागते.

विलास नाना: खडकापर्यंत न्या की मग.

निखिल बी-७: खडक वर असेल तिथे नेतात. पण तापीकाठचा गाळ खोल. रावेर-यावलला शेकडो फूट गेलं तरी गाळच. तिथे पाइल आजूबाजूच्या मातीच्या घर्षणावर भार पेलते.

प्रवीण भाऊ: नुसतं वजनच बघायचं का? वेगाचं काय?

निखिल बी-७: बरोबर पकडलंत. मऊ जमिनीत कंपनाच्या लाटा हळू जातात. गाडी त्यांच्या वेगाजवळ पोचली की रूळ फार हलतात. स्वीडनमध्ये लेडसगार्डला १९९७ च्या सुमारास हेच झालं, आणि गाडी होती फक्त ताशी २०० ची! शेवटी जमिनीत चुना-सिमेंटचे खांब घालून माती कडक केली.

पण मला जास्त धडकी तैवानची भरते. तिथली बुलेट ट्रेनची लाइन २००७ ला सुरू झाली, बहुतेक पुलावरूनच जाते. तरी युनलिन भागात जमीन खचते, शेतीसाठी खोल उपसा चालतो म्हणून. माती खाली बसताना पाइललाही ओढते. रुळाजवळच्या काही विहिरी सरकारला बंद कराव्या लागल्या.

विलास नाना: म्हणजे आपल्याकडून अशी लाइन गेली तर केळीवाल्यांच्या ट्यूबवेलवर संक्रांत?

निखिल बी-७: हा प्रश्न सर्व्हेच्या आधी विचारायचा. भराव की पूल हे नंतर.

प्रवीण भाऊ: आमना अमळनेर कडे बठ्ठा बोअर आटी ग्यात, आते बंद काय करनार 😅

सुनंदा काकू: पाऊस जिरवला तर जमीन परत वर येते का रे?

निखिल बी-७: वाळूच्या थरात पाणी परत भरतं. चिकणमातीचा थर एकदा दबला की फारसा उठत नाही. जिरवून पुढचं खचणं कमी होतं, गेलेलं परत मिळत नाही.

विलास नाना: मग पूलवाल्यांना माफ केलं. पण कंपाऊंडलगतच्या टाकीची गळती कोण बघणार? भिंतीखालची माती रोज भिजते आहे.