जुन्या नाण्यांची ओळख कशी पटवावी?

प्रश्न
आजोबांच्या पेटीत साठेक नाणी मिळाली. त्यांत राणी व्हिक्टोरियाचे काळवंडलेले चांदीचे रुपये असून त्यांपैकी चारांवर १८६२ हेच साल आहे. शिवाय फारसी मजकुराची, जाड आणि वेडीवाकडी तांब्याची काही नाणी आहेत. ती आधी स्वच्छ करावीत की आधी ओळखून घ्यावीत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
कृपया नाणी घासू नका. चांदीवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तो तयार होतो आणि तो खरवडताना नाण्याचा पृष्ठभागही झिजतो. सुरुवातीच्या काळात मी एक रुपया पावडर लावून घासला होता. भिंगाखाली आजही राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात, आणि ते आता कशानेही जाणार नाहीत. माती चिकटलेली असेलच, तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावे व न चोळता मऊ कापडाने टिपून घ्यावे. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत, कारण कालांतराने त्यांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो.

प्रतिसाद २
चित्र पाहून अंदाज बांधण्याआधी वजन, व्यास आणि कड तपासावी, असे माझे ठाम मत आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, व्यास अचूक मोजणारा व्हर्नियर कॅलिपर आणि दसपट भिंग एवढे पुरते. आपल्या रुपयांचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आहे. वापरामुळे ते थोडे घटलेले असू शकते. चौघांवर एकच साल असण्यात नवल नाही, कारण १८७४ पासून दरवर्षीचे साल येऊ लागेपर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल कायम होते. मागील बाजूवरचे बारीक ठिपके मात्र मोजून ठेवा, त्यांवरून अभ्यासक पोटप्रकार ठरवतात.

फारसी नाण्यांना अधिक वेळ द्यावा लागेल. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली, तरी अंक डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात. त्यांवरील हिजरी (इस्लामी कालगणनेतील) सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. १२०० हिजरी म्हणजे इ. स. १७८५-८६. नाव वाचता आले म्हणून नाणे त्याच राजाने पाडले असे समजू नये. मुघल बादशहा दुसऱ्या शाह आलमच्या नावाने मराठ्यांनीही नाणी पाडली आणि ईस्ट इंडिया कंपनीनेही, त्यामुळे खरा उलगडा टांकसाळीच्या नावावरून आणि खुणांवरून होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चारपैकी एका रुपयाचे वजन १०.४ ग्रॅम भरले आणि त्याच्या कडेवर मधोमध एक बारीक रेघ सलग फिरलेली दिसते. चुंबकाला तो चिकटत नाही.

प्रतिसाद ३
रेघ सलग असेल, तर ते नाणे ठशांनी पाडलेले नसून साच्यात ओतलेले असण्याची दाट शक्यता आहे. चुंबकाच्या कसोटीवर विसंबू नका, कारण तांबे, शिसे किंवा जस्तही त्याला चिकटत नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याने टांगलेले नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला तो १.१३ ग्रॅमच्या आसपास येतो. आपल्या १०.४ ग्रॅमच्या नाण्याला त्याच प्रमाणात तो १.०१ यायला हवा. त्याच्या बराच वर गेला, तर ते नाणे अस्सल रुपयाच्या प्रतीच्या चांदीचे नाही.